तरुण संघाच्या कपाटाची चावी

परवा रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. जुन्या परिचयातले एक गृहस्थ. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी त्यांच्या मंडळीचा तरुण संघ गेली २२ वर्षं चालवतात. वय ६१. "सलाम बाई" झालं, गुडघ्यांची विचारपूस झाली, मग ते मुद्द्यावर आले. "बाई, यंदा सोडावं म्हणतो. पण द्यायचं कोणाच्या हातात? पोरं अजून तयार नाहीत. तुम्ही कसं सोडलंत?"

मी फोनवर काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर त्यात माझी फारशी शोभा नाही. पण रात्री झोप लागेना, म्हणून इथे लिहिते आहे.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. आम्ही चर्चच्या माणसांना मिळून 'मंडळी' म्हणतो. रविवारची भक्ती पाळकसाहेब चालवतात, कारभार पंच बघतात, आणि मुलंमुली पंधरा-सोळा वर्षांची झाली की शब्बाथ शाळेतून तरुण संघात येतात. नाताळात रात्री घरोघर फिरून गाणी म्हणायची, नाताळचं नाटक बसवायचं, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या भक्तीची तयारी करायची, कापणीच्या सणाला भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव पुकारायचा, मे महिन्यात शिबिर भरवायचं, ही सगळी हमाली तरुण संघाची. हमाली म्हटलं तरी तिच्यात मजा फार. कित्येकांची लग्नंसुद्धा तिथेच जुळली!

माझ्याकडे हा संघ आला तो १९८४ च्या जूनमध्ये. तेव्हा मी ३३ वर्षांची, शाळेत मराठी शिकवणारी, पदरी दोन मुलं. आधी संघ चालवणारे गृहस्थ बँकेत होते. त्यांची सोलापूरला बदली झाली. माळीवाडा स्टँडवर आम्ही त्यांना निरोप द्यायला गेलो, तर गाडी सुटता सुटता त्यांनी खिशातून कपाटाची चावी काढून खिडकीतून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "दुसरं कोणी मिळेपर्यंत तुम्ही बघा."

दुसरं कोणी मिळेपर्यंत! मी ३५ वर्षं बघितलं.

शाळेत असं चालत नाही. माझ्या पिढीतल्या निम्म्या शिक्षकांप्रमाणे माझीही दाखल्यावरची जन्मतारीख १ जून. त्यामुळे ५८ पूर्ण झाली आणि ३१ मे २००९ रोजी मी निवृत्त झाले. त्याआधी आठ दिवस बसून चार्ज दिला. डेडस्टॉक रजिस्टर समोर ठेवून ग्रंथालयातली पुस्तकं मोजली, नकाशे मोजले, फाटलेल्या दोन नकाशांची वेगळी नोंद केली, घेणाऱ्या बाईंची सही घेतली, मुख्याध्यापकांची घेतली, आणि मग नारळ आणि शाल. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली तेव्हा मी घरी भाजी निवडत होते. वाईट वाटलं, पण पंधरवड्यात सवय झाली. तारीख ठरलेली असली की माणूस मनाची तयारी करतो.

चर्चमध्ये तारीख नसते, कारण तिथे ती नोकरी नसते, 'सेवा' असते. आणि सेवा सोडायची म्हणजे देवाला पाठ दाखवली असं वाटतं. मला आता शंका येते, की या एका शब्दाच्या आडोशाला आमच्यासारख्यांनी बरंच काही लपवलं. पगार नाही, भत्ता नाही, उलट पदरचेच पैसे जातात. तेव्हा ही खुर्ची आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. आमच्याही येत नाही. पण नाताळच्या नाटकात मरीया कोण होणार, देवदूत कोण आणि मेंढरू कोण हे जी ठरवते, तिच्या हातात काहीच नसतं असं कोणी म्हणू नये. मरीयेसाठी आया माझ्या घरी येऊन चहा पिऊन जात.

त्या कपाटात होतं तरी काय? एक पेटी, तिची एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही. दोन ढोलक्या, झांजा. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या कापसाच्या दाढ्या. मेंढपाळांसाठी खरीखुरी धनगरी घोंगडी, त्यांचा वास डिसेंबरभर हॉलमध्ये राहायचा. ताऱ्याचा बांबूचा सांगाडा, बंद पडलेली पेट्रोमॅक्स, आणि माझ्या अक्षरातल्या गाण्यांच्या वह्या. कोणी चोरून नेईल असं एकही नाही. पण चावी माझ्या घरी, देवघरासारख्या जपलेल्या एका कोनाड्यात. (आमच्यात देवघर नसतं, पण दुसरा शब्द सुचत नाही.) पैसेही माझ्याकडेच, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. हिशेब चोख होता, पण तो कधी कोणी तपासला नाही. बाईंचा हिशेब कोण तपासणार? आज वाटतं, तपासायला हवा होता. मी पैसे खाल्ले असते म्हणून नाही. ज्या ठिकाणी ३५ वर्षांत एकदाही कोणाला विचारावंसं वाटत नाही, तिथल्या मुलांना विचारायची सवय कशी लागणार?

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही. २०११ साली ती २४ वर्षांची होती. बी.एस्सी. झालेली, कीबोर्ड उत्तम वाजवायची, आणि मुख्य म्हणजे लहान मुलं तिचं ऐकायची. एके दिवशी वहीच्या पानावर मुद्दे लिहून ती माझ्याकडे आली. रविवारी दुपारऐवजी शनिवारी संध्याकाळी जमावं, कारण कामावर जाणाऱ्यांना एकच सुट्टी मिळते. गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवावेत. जुन्या मराठी गीतांबरोबर दोनचार हिंदी गाणी घ्यावीत. आणि दरवर्षी निवडणूक घेऊन पाच जणांची समिती करावी, त्यांनी संघ चालवावा.

मी म्हणाले, "बघू."

हा शब्द मी शाळेत मुख्याध्यापकांकडून शिकले. 'नाही' म्हटलं की माणूस भांडतो. 'बघू' म्हटलं की वाट पाहत बसतो. तिने वर्षभर वाट पाहिली. २०१२ च्या पावसाळ्यात ती गेली, आणि तिच्या मागोमाग आणखी सहा जण. गावात एका भाड्याच्या हॉलमध्ये नव्याने एक स्वतंत्र सहभागिता सुरू झाली होती, तिथे. आमच्या संघात तेव्हा २६ मुलं होती, राहिली १९. मी पंचांना काय सांगितलं आठवतं? "आजकालच्या मुलांना टाळ्या आणि गिटार हवी, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळेच माझ्या वयाचे.

याच्या पुढची गंमत ऐका. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी वयाच्या ८५ व्या वर्षी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. १४१५ साली बारावे ग्रेगरी पायउतार झाले, त्यानंतर जवळजवळ सहाशे वर्षांत कोणत्याही पोपने पद सोडलं नव्हतं. आम्ही काही कॅथलिक नव्हे, पण मला ते इतकं भावलं की पुढच्या रविवारी तरुण संघात मी त्यावर वीस मिनिटं बोलले. थकल्यावर बाजूला होण्यातही कशी नम्रता असते वगैरे. माझ्या डोळ्यांवर चाळिशी, वय ६१, 'तरुण' संघाची अध्यक्ष. समोर १९ मुलं खाली बघून बसलेली. मला वाटलं, त्यांना विषय पटला.

पुढे २०१८ च्या मे महिन्यात एका लग्नात ती मुलगी भेटली. कडेवर तिची मुलगी. धावत येऊन तिने मला मिठी मारली, तिच्या मनात काही अढी दिसली नाही. बोलता बोलता मीच विषय काढला, की का गं गेलात तुम्ही, गाण्यांवरून एवढं? ती हसली आणि म्हणाली, "गाण्यांचं नव्हतं हो बाई. पेटी काढायची तरी कपाट उघडायला तुमच्या घरी यावं लागायचं. आलं की तुम्ही बसवून घ्यायचात, दीड तास जायचा. मग सगळे म्हणायला लागले, राहू दे."

बस, एवढंच. मी मनात मोठमोठी कारणं धरून बसले होते. पंथ, शिकवण, संगीत, पाश्चात्त्यांचं अनुकरण... आणि निघालं काय, तर कपाट!

त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बसले. ३४ वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांमधून कोण काय झालं? दोन पाळक झाले. नर्सेस कितीतरी. शिक्षक, पोलीस, एक तबलजी. सुरात गाणारे तर शेकड्याने. पण मी आजारी पडले तर एक रविवार संघ चालवेल असा माणूस शोधायला गेले, तर एक नाव सापडेना. जी सापडली ती सगळी निघून गेलेली. मुलं तयार नव्हती हे खरंच होतं. पण ती तयार का नव्हती, याचा जाब कोणाला विचारायचा?

आमचे आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं १८३१ साली. (गावाचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडातलं नगर काही जात नाही.) त्याला शंभर वर्षं होऊन गेल्यावरही साहेब लोकांच्या बैठकीत एकच वाक्य यायचं असं आजोबा सांगत: नेटिव्ह मंडळी अजून तयार नाहीत. पैसा सांभाळायला तयार नाहीत, शाळा चालवायला तयार नाहीत. आजोबा हे सांगताना साहेबाचा आवाज काढायचे आणि आम्ही हसायचो. साहेब वाईट नव्हते हो, पुष्कळसे फार प्रेमळ होते. तेच तर सांगते आहे. प्रेमळ माणसाच्या तोंडून "तयार नाहीत" आलं की त्याच्याशी भांडताही येत नाही. आजोबांच्या नातीने तेच वाक्य त्याच गावात आपल्याच मुलांना ऐकवलं.

बरं, तरुणांचं काम उभं केलं कोणी? लंडनमध्ये ६ जून १८४४ रोजी वाय.एम.सी.ए. सुरू झाली, तेव्हा तिचे संस्थापक जॉर्ज विल्यम्स २२ वर्षांचे होते, कापडाच्या दुकानात कामाला. अमेरिकेत पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने २ फेब्रुवारी १८८१ रोजी ख्रिश्चन एन्डेव्हर ही तरुणांची संघटना काढली, तेव्हा ते २९ वर्षांचे. तिथे प्रत्येक सभासदाने काही ना काही भाग घ्यायचाच असा नियम होता, नुसतं ऐकायला बसायची सोय नव्हती. हे सगळं मी मुलांना शिकवलेलं आहे, पाठ करून घेतलेलं आहे. आमचे नगरचे रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, हेही सांगितलं आहे. त्यांचं वय तेव्हा ५५. जेमतेम दोन वर्षं हातात उरली होती, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. मी दरवर्षी त्यातला त्याग तेवढा सांगायची. ५५ व्या वर्षी नाव, घर, मिशनचा आधार असं बसलेलं बस्तान उठवता येतं, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही.

आणि बायबल म्हणाल तर गणना या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडून बघा. लेव्यांनी निवासमंडपाच्या सेवेतून ५० व्या वर्षी मोकळं व्हावं असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. त्यानंतर त्यांनी आपल्या भावांना राखणीच्या कामात मदत करावी, पण सेवेचं काम करू नये. साक्षात देवाच्या मंडपाला निवृत्तीचं वय होतं. आमच्या तरुण संघाला नाही!

२०१९ च्या वार्षिक सभेत मी उभी राहून सांगितलं, की मी सोडते आहे. क्षणभर शांतता, मग सगळे "नको नको" म्हणाले. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला बरं वाटलं. शेवटी नागापूरच्या एम.आय.डी.सी.त काम करणाऱ्या २६ वर्षांच्या एका मुलाला नेमलं, आणि मला 'सल्लागार'. टाळ्या, शाल, फोटो. चावी त्या मुलाला दिली. दुसरी चावी मात्र कोनाड्यात तशीच राहिली. मुद्दाम नव्हे, पण विसरूनही नव्हे.

त्या डिसेंबरात मी नाटकाच्या तालमीला "सहज बघायला" गेले. सल्लागार ना! मागे खुर्चीवर बसले. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की तो मुलगा सांगतोय आणि पोरं माझ्याकडे बघताहेत. तो म्हणाला, "हेरोद इकडून ये." हेरोदाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, काय सांगू तुम्हांला, मान हलवून "तिकडून" अशी खूण केली. जणू हात आपोआप खडूकडे गेला. तो मुलगा काही बोलला नाही. त्याने हेरोदाला तिकडून आणलं. तालीम संपल्यावर माझी पिशवी उचलून मला रिक्षापर्यंत सोडायला आला. त्याचं ते काही न बोलणं मला फार लागलं. सात वर्षांपूर्वी ती मुलगीही वर्षभर अशीच काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी चावी आणि सल्लागारपदाचा राजीनामा दोन्ही पाठवून दिलं. आमच्या ह्यांना वाटलं, कोणाशी तरी वाजलं.

मग मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. त्या मुलाने मोबाइलवरून प्रार्थना चालू ठेवल्या. मंडळीतल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची यादी केली, औषधं आणि किराणा पोचवला. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा संघाच्याच एका पोराने आणून दारात ठेवल्या, लांबून "सलाम बाई" म्हणाला आणि गेला. हे सगळं त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरत होतं. मी त्या ग्रुपवर नव्हते. कोणी घेतलं नव्हतं. मला आनंद झाला असं लिहिलं तर छान दिसेल, पण खरं सांगते, पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

तर आता फोनवरच्या त्या गृहस्थांना. साहेब, तुम्ही सोडा. पण माझ्याआधीच्या गृहस्थांसारखं एस.टी.च्या खिडकीतून नको. त्या एका खिडकीपायी ३५ वर्षं गेली. तारीख आजच ठरवा, कागदावर लिहून पाळकसाहेबांना द्या, म्हणजे तुमची जीभ फिरणार नाही. मधल्या काळात एकेक काम सोपवा आणि ते बिघडू द्या. एक नाताळ बिघडला तर बिघडला, प्रभू येशूचा जन्म काही आपल्या नाटकावर अडलेला नाही. डेडस्टॉक रजिस्टर करा, अगदी दाढ्यासुद्धा लिहा. पैसे चर्चच्या खात्यात भरा. शिबिराला मुली असतील तर बरोबर दोन बायका असल्याच पाहिजेत आणि आईवडिलांची लेखी परवानगी हवीच, असे जे नियम तुम्ही इतकी वर्षं डोक्यात ठेवून पाळलेत ते कागदावर उतरवा, कारण तुमचं डोकं तुमच्याबरोबर घरी जाणार. सल्लागार होऊ नका. आणि वर्षभर तरी तालमीच्या हॉलच्या बाजूने फिरायला जाऊ नका. दूध आणायला दुसरा रस्ता असेलच.

अनुभव वाया जातो म्हणाल, तर तो थोडा जातोच. त्याला इलाज नाही. मला अजूनही वाटतं की टिळकांची गाणी मुलांना यायला हवीत, नुसत्या हिंदी गाण्यांवर मराठी मंडळीचं भागणार नाही. यात मी तसूभरही मागे हटलेले नाही. पण आता ते मी कोणावर लादू शकत नाही. गुरुवारी दोन मुली आपण होऊन घरी येतात, त्यांना शिकवते. दोनच येतात. पूर्वी हुकमाने २६ यायची.

त्या एम.आय.डी.सी.तल्या मुलाने तीन वर्षं झाल्यावर आपण होऊन संघ सोडला. तीन वर्षांचा नियम त्यांनीच केला, मला कोणी विचारलं नाही. आता २२ वर्षांची एक मुलगी संघ चालवते.

गेल्या नाताळात, २०२४ च्या डिसेंबरात, रात्री साडेदहाला ही सगळी फौज आमच्या दारात आली. गिटार, एक खोका ठोकत बसायचं वाद्य, आणि ताऱ्याच्या सांगाड्यात बॅटरीचे दिवे. त्यांनी टिळकांचं एक गाणं धरलं. चाल चुकीची. दुसऱ्या कडव्यात तर एक अख्खी ओळ गाळली. माझ्या घशापर्यंत आलं होतं. आमचे हे माझ्याकडे बघत होते.

गाणं संपलं. ती मुलगी पुढे आली, धापा टाकत म्हणाली, "बाई, चाल बरोबर होती ना?"

मी करंज्यांचं ताट तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "आधी चहा घ्या बरं सगळ्यांनी, गार होतोय."